जुन्या टर्बोचार्ज्ड मोटारीतील ‘चेक इंजिन’ दिव्याचे निदान : मावळ परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :
मोटारीच्या डॅशबोर्डवरील ‘चेक इंजिन’ हा पिवळा दिवा लागला की अमुक एक भाग निकामी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा दिवा भाग दाखवीत नाही. अपेक्षित मूल्य आणि मोजलेले मूल्य यांत पडलेली तफावत तो दाखवितो. टर्बोचार्जर असलेल्या जुन्या डिझेल गाडीत या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यास चांगला टर्बो बदलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. पुणे जिल्ह्यात निर्माण झालेल्या दोन इंजिनांच्या आधारे आणि मावळातील उंची, घाटरस्ता व पाऊस यांचा विचार करून निदानाची क्रमवार पद्धती प्रस्तुत लेखात मांडली आहे.

बीजशब्द : चेक इंजिन दिवा, टर्बोचार्जर, दोषसंकेत, दाबगळती, बोरघाट, मावळ.

प्रस्तावना :
मावळ तालुक्यातील शिरगाव हे गाव सोमाटणे फाट्यापासून जवळ आहे. येथील साईमंदिर ‘प्रतिशिर्डी’ या नावाने प्रसिद्ध असून भाविकांच्या गाड्यांची वर्दळ येथे सतत असते. जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला द्रुतगती मार्ग हे दोन्ही याच पट्ट्यातून जातात. येथून मुंबईकडे निघालेली गाडी लोणावळा ओलांडून बोरघाट उतरते आणि परतताना तो घाट चढते. खोपोली ते लोणावळा या चढात सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. सपाट रस्त्यावर कधीही न जाणवलेला इंजिनाचा दोष या चढावर उघड होतो. गाडीचा ‘पिकअप’ जातो, काळा धूर येतो, डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, आणि मागून अवजड वाहने येत असताना गाडी तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळू लागते. हा प्रश्न म्हणूनच केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही, तो सुरक्षिततेचाही आहे.

या विषयाला स्थानिक औद्योगिक इतिहासाची बाजूही आहे. शिरगावहून जवळच असलेल्या तळेगाव येथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. तेथील शेव्हरोले बीट या छोट्या मोटारीची डिझेल आवृत्ती २०११ मध्ये बाजारात आली. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, रांजणगाव येथे फियाट आणि टाटा यांच्या संयुक्त कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. टाटा इंडिका व्हिस्टा, टाटा मांझा, फियाट पुंटो व लिनिया या गाड्यांत ते बसविले गेले. याच घडणीचे इंजिन मारुती स्विफ्टमध्ये २००७ पासून होते. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली आणि ही पिढी संपली.

आज या गाड्या जुन्या झाल्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असल्याने २०११ मध्ये नोंदविलेल्या गाड्यांना २०२६ मध्ये योग्यता तपासणीला सामोरे जावे लागते. अनेक कुटुंबांचे जाणे-येणे आणि काहींची उपजीविका अशा गाड्यांवर अवलंबून आहे. गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने नव्या टर्बोचा खर्च मोठा असतो. त्यामुळे चुकीच्या निदानातून गाडी भंगारात जाण्याची शक्यता असते.

उद्दिष्टे :
१) ‘चेक इंजिन’ दिव्यामागील व्यवस्था आणि तिच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२) टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनातील हवेच्या मार्गाचे कार्य व त्यातील दोषांची ठिकाणे सांगणे.
३) साध्या मोजमापांवर आधारित निदानक्रम मांडणे.
४) दिवा विझविण्याच्या प्रचलित उपायांचे परिणाम तपासणे.

१. दिव्यामागील व्यवस्था :
इंजिनावर स्वयंचलित देखरेख ठेवण्याची कल्पना प्रदूषणनियंत्रणातून आली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून तिची पहिली पायरी सक्तीची केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत दुसरी, प्रमाणित पायरी आली. युरोपात पेट्रोल मोटारींसाठी २००१ पासून आणि डिझेल मोटारींसाठी त्यानंतर अशीच व्यवस्था लागू झाली. भारतात एप्रिल २०१० मध्ये पुण्यासह १३ शहरांत भारत स्टेज ४ मानके आली. त्यांच्याबरोबर या व्यवस्थेची पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी पायरी बंधनकारक झाली.

या दोन पायऱ्यांमधील फरक जुन्या गाडीच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. पहिल्या पायरीत मुख्यतः सेन्सरची तार तुटली आहे काय, जोडणी शाबूत आहे काय, हे पाहिले जाते. दुसऱ्या पायरीत प्रदूषण ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल इतकी कार्यक्षमता घसरली आहे काय, याचाही शोध घेतला जातो. २०१० ते २०१३ या काळातील गाडीत दिवा लागला नाही म्हणून इंजिन निर्दोष आहे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही.

इंजिनाचा संगणक सेन्सरांकडून येणारी मूल्ये आपल्या स्मृतीतील अपेक्षित मूल्यांशी सतत ताडून पाहतो. तफावत मर्यादेबाहेर गेली की तो दोषसंकेत नोंदवितो. बहुतेक दोषांच्या बाबतीत तोच दोष पुढच्या फेरीतही आढळला तरच दिवा लागतो. पहिल्या वेळी केवळ ‘प्रलंबित’ संकेत राहतो. दोष पुन्हा न दिसल्यास साधारणपणे तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण संकेत काही काळ स्मृतीत टिकून असतो. घाटात लागलेला दिवा घरी पोहोचल्यावर चार दिवसांनी विझला, तर दोष गेला असे न समजता तो संकेत वाचून घेणे शहाणपणाचे असते.

दोषसंकेताबरोबर आणखी एक बहुमोल नोंद असते. दोष आढळला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, भार आणि पाण्याचे तापमान काय होते, हे संगणक गोठवून ठेवतो. मेकॅनिक तिला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. दोष घाटात भाराखाली आला की सिग्नलवर उभे असताना आला, हे त्यातून कळते. संकेत पुसला अथवा बॅटरीची तार काढली की ही नोंद नाहीशी होण्याचा संभव असतो. संकेत उतरवून घेण्यापूर्वी तो पुसणे म्हणजे पंचनाम्यापूर्वी पुरावा नष्ट करणे होय.

२. दोषसंकेताचा अर्थ :
प्रमाणित दोषसंकेतात एक अक्षर आणि चार अंक असतात. ‘पी’ हे अक्षर इंजिन व शक्तिसंक्रमणाचे निदर्शक आहे. पहिला अंक शून्य असल्यास संकेत सर्व कंपन्यांना समान असतो आणि एक असल्यास तो सामान्यतः त्या कंपनीचा स्वतःचा असतो. दुसरा अंक विभाग सांगतो : एक व दोन इंधन आणि हवेचे मापन, तीन ज्वलनातील खंड, चार प्रदूषणनियंत्रणाची साधने. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत पुढील संकेत प्रामुख्याने विचारात घ्यावे लागतात :

• पी ०२९९ : टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी.
• पी ०२३४ : टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा जास्त.
• पी ०२३६ : दाबाच्या सेन्सरचे मूल्य विसंगत.
• पी ०१०१ : हवामापक सेन्सरचे मूल्य विसंगत.
• पी ०४०१ : एक्झॉस्टच्या पुनर्चक्रणाचा प्रवाह अपुरा.
• पी ००८७ : इंधनाच्या रेलमधील दाब कमी.

यांपैकी एकाही संकेतात ‘टर्बो खराब’ असे म्हटलेले नाही. ‘दाब कमी आहे’ हे विधान तापाच्या नोंदीसारखे आहे. ताप आहे हे थर्मामीटर खात्रीने सांगतो, पण तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे त्याला ठाऊक नसते.

३. टर्बोचार्जर आणि हवेचा मार्ग :
एक्झॉस्ट वायूंच्या शक्तीवर चक्र फिरवून त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये पेटंटद्वारे मांडली. छोट्या मोटारीतील टर्बोचा आस मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असल्याने स्वच्छ आणि अखंड तेल हाच त्याचा प्राण आहे.

हवेचा मार्ग असा असतो : एअर फिल्टर, हवामापक सेन्सर, टर्बोचे दाबचक्र, रबरी नळी, हवा थंड करणारा इंटरकूलर, पुन्हा रबरी नळी, दाबाचा सेन्सर आणि शेवटी सिलिंडर. हवामापक सेन्सर टर्बोच्या अलीकडे आणि दाबाचा सेन्सर पलीकडे असतो. ही मांडणी निदानाची गुरुकिल्ली आहे, कारण आत किती हवा गेली आणि शेवटी किती पोहोचली, याचा हिशेब या दोन साक्षींवरून मांडता येतो.

दाबाचे नियंत्रण मात्र सर्व गाड्यांत सारखे नसते. रांजणगावच्या १.३ लिटर इंजिनाच्या दोन आवृत्त्या या दृष्टीने उद्बोधक आहेत. सुमारे ७५ अश्वशक्तीच्या आवृत्तीत साधा टर्बो असून जादा दाब झाल्यास ‘वेस्टगेट’ ही झडप एक्झॉस्टला बाजूने वाट करून देते. टर्बोचाच दाब एका बारीक नळीतून येऊन ही झडप उघडतो. मांझामधील सुमारे ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत टर्बोच्या पात्यांचा कोन बदलतो. पाती ओढण्याचे काम निर्वात पंपाने निर्माण केलेली पोकळी करते, आणि पोकळी नसल्यास पाती सामान्यतः उघडी, म्हणजे कमी दाबाच्या स्थितीत राहतात.

आता समजा, दोन्ही गाड्यांत ती बारीक नळी उन्हाने तडकली. पहिल्या गाडीत झडप उघडणार नाही, दाब वाढेल आणि पी ०२३४ येईल. दुसऱ्या गाडीत पाती ओढली जाणार नाहीत, दाब पडेल आणि पी ०२९९ येईल. दोष एकच, संकेत परस्परविरुद्ध. उलट पी ०२९९ हा एकच संकेत फाटका नळी-जोड, चोंदलेला फिल्टर, अडकलेली पाती, खोटे बोलणारा सेन्सर आणि खरोखर झिजलेला टर्बो, अशा अनेक कारणांनी येऊ शकतो. संकेताची यादी पाहून भाग बदलण्याची रीत अशास्त्रीय का आहे, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

४. निदानाचा क्रम :
निदान करताना स्वस्त, सोप्या आणि गाडी न उघडता होणाऱ्या तपासण्या आधी कराव्यात.

४.१ धोक्याची पारख : पिवळा दिवा स्थिर असून गाडी नीट चालत असल्यास सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. शक्ती अचानक गेली असल्यास संगणकाने इंजिन वाचविण्यासाठी ‘लिंप मोड’ स्वीकारलेला असतो. अशा वेळी घाट चढण्याचा आग्रह धरू नये. पेट्रोल गाडीत दिवा लुकलुकत असल्यास ज्वलनात गंभीर खंड पडत आहे असे समजून भार ताबडतोब कमी करावा. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास, अथवा दाट निळा धूर येत असल्यास, गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवून इंजिन बंद करावे. टर्बोतून तेल हवेच्या मार्गात शिरल्यास डिझेल इंजिन त्या तेलावरच अनियंत्रित धावू शकते.

४.२ नोंद : स्कॅनरची जोडणी बहुधा स्टिअरिंगखाली, सोळा खिळ्यांची असते. सर्व संकेत, प्रलंबित संकेत आणि गोठविलेली नोंद लिहून घ्यावी किंवा तिचे छायाचित्र घ्यावे. स्वस्त ब्लूटूथ साधने समान संकेत वाचतात, परंतु जुन्या गाड्यांतील कंपनीचे स्वतःचे संकेत अनेकदा त्यांच्या आवाक्याबाहेर असतात. तेथे त्या कंपनीला अनुकूल असा स्कॅनर लागतो. बॅटरीचा दाब याच वेळी पाहावा. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट अपेक्षित असतात. अशक्त बॅटरीमुळे एकमेकांशी संबंध नसलेले अनेक संकेत एकदम उमटतात.

४.३ डोळ्यांची व हातांची तपासणी : रबरी नळ्यांचे जोड, क्लिपा, इंटरकूलरचे कोपरे आणि बारीक निर्वात नळ्या पाहाव्यात. जोडाजवळ तेलकट धुळीचा पंखा उमटला असेल, तर तेथून हवा बाहेर पडत असल्याची ती खूण असते. मावळात पावसाळ्यात दीर्घकाळ ओल राहते. त्यामुळे सेन्सरच्या जोडणीतील पितळी खिळ्यांवर हिरवट थर चढतो. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर तारा व नळ्या कुरतडतात. या सर्व गोष्टी स्कॅनरला दिसत नाहीत.

४.४ इंजिन सुरू न करता सेन्सरची साक्ष : चावी फिरवून इंजिन सुरू न करता दाबाच्या सेन्सरचे मूल्य वाचावे. टर्बो स्थिर असल्याने ते बाहेरच्या हवेच्या दाबाइतके असले पाहिजे. येथे स्थळाचा विचार अपरिहार्य आहे. समुद्रसपाटीवर हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर मावळात, सुमारे ६०० मीटर उंचीवर, तो ९४ किलोपास्कलच्या आसपास असतो. परदेशी पुस्तिकेतील १०१ हा आकडा प्रमाण मानणारा तंत्रज्ञ शिरगावात निर्दोष सेन्सर बाद ठरवील. उलट ९४ ऐवजी ८० अथवा ११५ असे मूल्य दिसल्यास सेन्सर किंवा त्याची जोडणी संशयास्पद असून टर्बोकडे वळण्याचे कारण नाही.

४.५ हवेचा हिशेब : १.३ लिटर इंजिनाची क्षमता १२४८ घन सेंटीमीटर असून सिलिंडर चार आहेत. बीट डिझेलची क्षमता ९३६ घन सेंटीमीटर असून सिलिंडर तीन आहेत. दोन्हींमध्ये एका सिलिंडरचे आकारमान ३१२ घन सेंटीमीटरच येते, कारण बीटचे इंजिन मल्टिजेटच्याच घडणीतून आलेले आहे. ९४ किलोपास्कल दाब आणि ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेची घनता प्रति घन सेंटीमीटर सुमारे १.०८ मिलिग्रॅम असते. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरल्यास ३३७ मिलिग्रॅम हवा मावेल. प्रत्यक्षात ८५ ते ९० टक्के भरण गृहीत धरल्यास दर शोषणाला सुमारे २८५ ते ३०५ मिलिग्रॅम हवा जाईल. इंजिन संथ चालू असताना एक्झॉस्ट पुनर्चक्रणाची झडप बंद केली, तर हवामापक सेन्सरने साधारण हेच मूल्य दाखविले पाहिजे. झडप उघडी असताना मूल्य बरेच कमी येते आणि ते योग्यच असते. झडप बंद असूनही मूल्य २०० वर अडले, तर सेन्सर मळला आहे, झडप नीट मिटत नाही, अथवा सेन्सरच्या पुढच्या फटीतून न मोजलेली हवा आत येत आहे.

४.६ भाराखालील चाचणी : टर्बोचा दोष बहुधा भाराखालीच प्रकट होतो. मोकळ्या, सुरक्षित चढावर एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब व हवेचे मूल्य ही तीन मूल्ये नोंदवावीत. चालकाने स्वतः स्कॅनरकडे पाहू नये. द्रुतगती मार्ग हे या चाचणीचे स्थान नव्हे.

मुद्दा स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चढावर अपेक्षित दाब २०० किलोपास्कल आहे, प्रत्यक्षात १४० मिळतो, आणि इंटरकूलरनंतर हवेचे तापमान ५० अंश आहे. या स्थितीत हवेची घनता सुमारे १.५१ असते. म्हणजे सिलिंडरमध्ये फार तर ४०० ते ४२५ मिलिग्रॅम हवा बसू शकेल. हवामापक सेन्सर मात्र ५६० दाखवीत आहे. मग सुमारे दीडशे मिलिग्रॅम हवा गेली कोठे? ती मोजली गेली, टर्बोने दाबली आणि वाटेतच बाहेर पडली. टर्बो आपले काम करीत आहे, फाटली आहे ती नळी. याउलट हवामापक सेन्सरही ४१० च्या आसपास दाखवीत असेल, तर गळती नाही. तेव्हा टर्बोला हवा मिळत नाही (चोंदलेला फिल्टर), एक्झॉस्टची शक्ती मिळत नाही (अडकलेली झडप किंवा पाती, टर्बोच्या अलीकडे फुटलेला एक्झॉस्ट, चोंदलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), अथवा टर्बो खरोखर झिजला आहे. तिसरी शक्यता अशी की दाब कमी दिसतो, पण गाडी पूर्वीसारखी ओढते आणि धूरही नाही. तेव्हा दाबाचा सेन्सर खोटी साक्ष देत असण्याची शक्यता मोठी असते.

४.७ दोषाचे ठिकाण निश्चित करणे : गळतीचा संशय असल्यास हवेचा मार्ग बंद करून त्यात माफक दाबाची हवा भरावी व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तीच ही रीत आहे. बदलत्या पात्यांच्या टर्बोत हातपंपाने पोकळी निर्माण करून दांडी सरळ, न अडखळता सरकते काय आणि पोकळी टिकते काय, हे पाहावे. केवळ शहरात संथ चालणाऱ्या गाडीत काजळीने पाती चिकटतात, आणि घाटात एकाएकी अधिक दाबाचा संकेत येतो.

टर्बो उघडण्याची वेळ सर्वांत शेवटी येते. ‘नळीत तेल आहे, म्हणजे टर्बो गेला’ हे विधान गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येते. इंजिनाच्या श्वासनळीतून तेलाचे तुषार हवेच्या मार्गात येतच असल्याने नळीत तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. तसेच आस तेलाच्या थरावर तरंगत असल्यामुळे तो बाजूला किंचित हलतो, हेही दोषाचे लक्षण नव्हे. मात्र तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल, चक्र घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा इंटरकूलरमध्ये तेल साचत असेल, तर टर्बो दोषी ठरतो. तेव्हाही नवा टर्बो बसविण्यापूर्वी जुना का गेला, हे शोधावे. तेलाची नळी चोंदलेली राहिल्यास नवा टर्बोही टिकत नाही.

४.८ पडताळणी : दुरुस्तीनंतर संकेत पुसावा आणि गोठविलेल्या नोंदीत होती तीच परिस्थिती, म्हणजे तेवढाच भार, फेरे व तापमान, पुन्हा निर्माण करून मूल्ये पाहावीत. दिवा लागला नाही एवढ्यावर थांबू नये. अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब जुळले, तरच निदान सिद्ध झाले असे म्हणता येते.

५. दिवा विझविण्याचे उपाय आणि त्यांचे परिणाम :
निदानाऐवजी दिवाच विझविण्याचे उपाय प्रचलित आहेत. पहिला उपाय म्हणजे संकेत पुसणे. जुनी गाडी विकण्यापूर्वी असे केले असल्यास ते ओळखता येते. पुसल्यानंतर संगणकाच्या अंतर्गत चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात आणि पुरेशी गाडी चालल्यावरच त्या पूर्ण होतात. जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून केवळ संकेत नाहीत हे न पाहता चाचण्या पूर्ण आहेत काय, हेही पाहावे.

दुसरा उपाय अधिक गंभीर आहे. एक्झॉस्ट पुनर्चक्रणाच्या झडपेत काजळी साचून पी ०४०१ आला की झडप स्वच्छ करण्याऐवजी तेथे पत्रा बसवून मार्गच बंद केला जातो आणि काही ठिकाणी संगणकातील ती तपासणीही काढून टाकली जाते. त्यामुळे धूर कमी होतो आणि गाडी हलकी वाटते. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची अपारदर्शकता मोजली जाते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. पुनर्चक्रणाचा हेतूच ज्वलनाचे तापमान उतरवून ही ऑक्साइडे कमी करणे हा आहे. पत्रा बसविलेली गाडी तपासणीत अधिक स्वच्छ ठरते आणि प्रत्यक्षात अधिक विषारी वायू सोडते. ज्या प्रदूषणाला रंग नाही, त्याची या गाडीतील एकमेव साक्ष तो पिवळा दिवाच होता.

६. प्रतिबंध :
टर्बोचे आयुष्य मुख्यतः तेलावर अवलंबून असते. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे तेल मुदतीत बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. घाटरस्त्याच्या प्रदेशात आणखी एक पथ्य आवश्यक आहे. बोरघाट चढून आलेली अनेक वाहने लोणावळ्यात चहा-चिक्कीसाठी थांबतात आणि इंजिन तत्क्षणी बंद केले जाते. टर्बो त्या वेळी अत्यंत तप्त असतो. तेलाचा प्रवाह थांबला की आत उरलेले तेल करपून त्याचा कोळसा होतो आणि तेलाचे मार्ग अरुंद होत जातात. इंजिन एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवून मग बंद केल्यास हे टळते. याखेरीज पावसाळ्यापूर्वी एअर फिल्टर, नळ्या आणि विद्युत जोडण्या यांची पाहणी करणे हितावह ठरते.

निष्कर्ष :
१) ‘चेक इंजिन’ दिवा तफावत दर्शवितो, दोषी भाग दर्शवीत नाही. नियंत्रणाची घडण भिन्न असल्यास एकाच दोषातून परस्परविरुद्ध संकेत मिळू शकतात.
२) हवामापक आणि दाबाचा सेन्सर यांच्या मूल्यांची तुलना केल्यास गळती, अडथळा आणि सेन्सरचा दोष या तीन शक्यता टर्बो न उघडता बऱ्याच अंशी वेगळ्या करता येतात.
३) प्रमाण मूल्ये स्थळसापेक्ष आहेत. मावळातील निदान मावळातील हवेच्या दाबावर आधारलेले असावे.
४) संकेत नोंदविण्यापूर्वी पुसणे आणि पुनर्चक्रण बंद करणे या दोन्ही गोष्टी पुराव्याचा नाश करतात. दुसरीची किंमत रस्त्याकडेला राहणाऱ्यांना श्वासातून मोजावी लागते.
५) येथे वापरलेला हवेचा हिशेब पदवीपूर्व भौतिकशास्त्रातील आदर्श वायूच्या समीकरणापलीकडे जात नाही. महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एक जुनी गाडी व एक स्कॅनर यांच्या साहाय्याने तो प्रात्यक्षिकात समाविष्ट केल्यास, विद्यार्थ्यांना गृहीतक, मोजमाप आणि पडताळणी यांचा प्रत्यक्ष परिचय होईल. परिसरातील गॅरेजनाही ‘टर्बो बदला’ म्हणण्यापूर्वी दोन आकडे ताडून पाहणारे कारागीर मिळतील.